गोडाऊनमध्ये छातीत बसणारी गिटार रेकॉर्डिंगमध्ये पत्र्यासारखी का येते?

मकरपुरा_लीड

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो, वय २३. चार जणांचा आमचा बँड आहे आणि त्यात रिदम गिटारही (कॉर्डची साथ) मीच वाजवतो, लीडही (सोलो) मीच. गेली तीन वर्षं मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) ड्रमरच्या मामांच्या गोडाऊनमध्ये सराव चालतो. शिफ्ट सुटली की रात्री आठ ते दहा. तिथे माझी गिटार अशी वाजते की छातीत बसते. आपल्याला काहीतरी जमतंय, हे मला पहिल्यांदा त्या गोडाऊनमध्ये वाटलं.

गेल्या महिन्यात पैसे जमवून एका स्टुडिओत दोन दिवसांत तीन गाणी रेकॉर्ड केली. नाव लिहीत नाही. माणसं चांगली होती, आणि चूक त्यांची की माझी हेच मला अजून कळलेलं नाही. अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा, स्पीकरवाला डबा) तोच नेला, गिटार तीच. अँपचे नॉब कुठे असतात त्याचा मोबाईलवर फोटो काढून नेला होता, तसेच लावले. हातात जे आलं ते ऐकून वाटलं, कुणीतरी पत्र्यावर खिळा ओढतंय. वर किरकिर भरपूर, खाली काहीच नाही. कॉर्ड मारली की सहा तारांचा लगदा होतो. आईला ऐकवलं तर तिने शांतपणे विचारलं, "यात तू कुठे आहेस रे?" दोन आठवडे झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

गिटारला ब्रिजपाशी (तारा टेकतात तिथे) हंबकर आहे, म्हणजे जाड आवाजाचा पिकअप, तारांचं कंपन टिपणारा भाग. अँप ३० वॅटचा व्हॉल्व्हचा, त्यात १२ इंची एकच स्पीकर. गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) ८ वर. माइक एकच, शुअर एसएम५७, जाळीला टेकवून स्पीकरच्या बरोब्बर मधोमध. खोलीत चारी बाजूंनी फोम लावलेला. रिदम एकदाच वाजवून घेतली, मग तीच कॉपी करून एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाकली, त्यातली एक जराशी मागे सरकवून.

मित्र म्हणतो अँप बदल. त्याने सुचवलेला अँप चाळीस हजारांचा आहे. तेवढ्यासाठी मला सहा महिने शिकवण्या घ्याव्या लागतील, म्हणून आधी इथे विचारतोय.

तार_तुटली

अँप, माइक, स्टुडिओ, सगळा नाद सोडा. सॉफ्टवेअरमधला अँप घ्या, हेडफोन लावा, रात्री दोनला वाजवलंत तरी शेजारी उठत नाहीत. तीन वर्षांत मी माइकला हात लावलेला नाही आणि माझं काही अडलेलं नाही.

वाड्यातला_रेकॉर्डिस्ट

तू २३ चा म्हणतोस म्हणून अरेतुरे करतो. अँप घेऊ नकोस. तुझ्या अँपमध्ये काही खोट नाही.

मी रावपुऱ्यात राहतो. सत्तावीस वर्षं रेकॉर्डिंग करतोय, जास्त करून गरबा आणि भजनं, कारण या शहरात पोट त्यावरच भरतं. पण या धंद्यात मी ओढला गेलो तो इलेक्ट्रिक गिटारमुळेच, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून रात्री बसून उत्तर लिहितोय. लांबेल.

तू ज्याला 'माझा आवाज' म्हणतोस त्यात अर्धं गोडाऊन आहे. सिमेंटची फरशी, वर पत्रे, समोर शटर. समज शटर तुझ्यापासून वीस मीटरवर आहे. आवाज तिथवर जाऊन परत यायला चाळीस मीटर चालतो, त्याला एक दशांश सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तू तार छेडलीस की पहिला आवाज अँपमधून येतो आणि मागोमाग फरशीवरून, पत्र्यावरून, शटरवरून त्याचीच शंभर रूपं येतात. तुझ्या कानाला ती वेगवेगळी कळत नाहीत, नुसता आवाज 'मोठा' वाटतो. स्टुडिओतल्या फोमने ते सगळं पुसून टाकलं. फोमची खोली वाईट असते असं नाही. व्हॉइसओव्हरला, एकट्या गळ्याला ती उत्तम. तुझ्या गिटारची मात्र तिने निम्मी शिदोरी काढून घेतली.

दुसरी गोष्ट, तुझा कान आणि तो माइक एका जागी नव्हते. तुझा अँप जमिनीवर असणार आणि तू त्याच्यापासून दोन पावलांवर उभा राहत असणार. बारा इंची स्पीकरमधला तीक्ष्ण आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. तो तुझ्या गुडघ्यावर पडतो, कानापर्यंत पोचतो तो बाजूने आलेला, निवलेला आवाज. तीन वर्षं तू ट्रेबलचा (तीक्ष्ण आवाजाचा) नॉब त्या निवलेल्या आवाजावर बेतलास. स्टुडिओत माइक झोताच्या तोंडाशी ठेवला गेला. त्याने जे आहे तेच ऐकलं. एकदा अँपसमोर उकिडवा बसून कान स्पीकरच्या रेषेत आण (गेन आणि आवाज अगदी कमी करून, कान जपून), तुला तोच पत्रा आणि तोच खिळा ऐकू येईल.

मी लहानपणी इथल्या संगीत महाविद्यालयात तबला शिकलो, मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेल्या गायनशाळेचंच ते पुढचं रूप. त्यामुळे स्पीकर मला तबल्यावरून समजतो, फक्त उलटा. तबल्यात चाटेवर बोट पडलं की टोकदार वाजतं आणि आत यावं तसा नाद गोल होतो. स्पीकरमध्ये मधोमध सगळ्यात टोचरं, आणि कडेकडे जावं तसा आवाज मऊ आणि गडद. माइक दोन बोटं सरकवलास तर जेवढा फरक पडतो तेवढा अँप बदलून पडेलच याची खात्री नाही. मधोमध आणि कड यांच्या अर्ध्यावर लाव, जाळीपासून चार बोटं मागे. मागे घेतलास की या जातीच्या माइकचा खालचा भरीवपणा थोडा उतरतो, कारण अगदी जवळ असताना तो खर्ज फुगवून सांगतो. तेव्हा चार बोटं हा काही मंत्र नव्हे. बँडमधल्या दुसऱ्या कुणाला माइक हळूहळू सरकवायला सांग, तू दाराबाहेर हेडफोन लावून बस, आणि जिथे अंगावर काटा येईल तिथे "थांब" म्हण.

आता गेन. ८ वरून ४ वर ये. तुला ते उघडंबोडकं वाटेल, हात कापतील. पण विकृती (डिस्टॉर्शन, आवाजाचं फाटणं) वाढवली की आवाज दाबला जातो. तारेवर पिक (तार छेडायची चकती) पडतानाचा जो 'टक्' असतो तो त्यात बुडतो, आणि कॉर्डमधल्या सुरांची एकमेकांत खिचडी होते. तोच तुझा लगदा. सरावात हे कळत नाही, कारण तिथे आवाजाची ताकदच अंगावर येते. घरी बारीक आवाजात ऐकताना आपल्या कानाला खर्ज तसाही कमी ऐकू येतो, मग उरते नुसती किरकिर. एसी/डीसीचं 'बॅक इन ब्लॅक' लावून ऐक. १९८० साली बहामाजमधल्या नासाऊला रेकॉर्ड झालंय, निर्माता मट लँग. आपल्याला वाटतं अँप पेटलेत. नीट ऐक, माल्कम यंगची रिदम किती स्वच्छ आहे! कॉर्डमधली एकेक तार मोजता येते. तो दांडगेपणा हातातून आलाय, आणि दोन भाऊ दोन बाजूंना वेगवेगळे वाजवतायत त्यातून.

त्यावरून कॉपीचं सांगतो. एकच टेक (एकदा वाजवून घेतलेलं) दोन्हीकडे ठेवून एक सरकवला तर तो दोन गिटारांचा आवाज होत नाही. कान आधी पोचलेल्या बाजूलाच बोट दाखवतो. आणि मोबाईलच्या एकाच स्पीकरवर दोन्ही बाजू एकत्र झाल्या की एकमेकींना खातात, आवाज आणखी पातळ होतो. रिदम खरोखर दोनदा वाजव. दोन टेकमध्ये जो केसाएवढा फरक राहतो, सुरात, वेळेत, पिकच्या जोरात, त्यालाच रुंदी म्हणतात. दुसऱ्या वेळी गेन आणखी थोडा कमी कर, जमलं तर वेगळ्या पिकअपवर वाजव. आणि प्रत्येक टेकआधी गिटार सुरात लाव. प्रत्येक टेकआधी!

रॉक गिटारचा आवाज कसा 'ठरवला' जातो हे समजून घ्यायचं तर मी नेहमी लेड झेपलिन बँडच्या गिटारवाल्या जिमी पेजचं उदाहरण देतो. लेड झेपलिनचा पहिला अल्बम १९६८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत रेकॉर्ड झाला. ऐकणाऱ्याला वाटतं, लेस पॉल गिटार आणि मार्शल अँपची भिंत. प्रत्यक्षात बरंचसं टेलिकास्टर गिटार आणि सुप्रोचा लहानसा अँप. पेज त्याआधी काही वर्षं लंडनमध्ये भाड्याने वाजवत स्टुडिओ स्टुडिओ फिरला होता आणि माइक कुठे ठेवले की काय होतं हे बघत होता. जवळचा एक माइक आणि दूरचा एक, हा त्याचा आग्रह. दूरचा माइक खोली ऐकतो. त्यांच्या चौथ्या अल्बमसाठी हे लोक हेडली ग्रेंज नावाच्या एका जुन्या घरात गेले, आणि एका गाण्यासाठी अँडी जॉन्सने ड्रम दिवाणखान्यात न ठेवता जिन्याच्या चौकात ठेवून माइक वरच्या मजल्यावरून सोडले. त्याच अल्बममधल्या 'ब्लॅक डॉग'च्या गिटारला तर अँपच नाही. गिटार सरळ कन्सोलमध्ये (स्टुडिओच्या मिक्सिंग टेबलात), तिथे प्रीअँप (बारीक आवाज वाढवणारा भाग) मर्यादेबाहेर ताणलेला, पुढे एकामागे एक दोन कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबणारी यंत्रं), आणि हे तीन वेळा वाजवून एकावर एक. एकच बँड, एकच अल्बम. एका ठिकाणी घर वाजतंय आणि दुसऱ्या ठिकाणी घराचा मागमूसही नाही.

बीटल्सनीही १९६८ मध्ये 'रेव्होल्यूशन'साठी गिटार सरळ कन्सोलमध्ये घालून दोन प्रीअँप जोडून फाडली. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने अकूस्टिक गिटार फिलिप्सच्या साध्या कॅसेट रेकॉर्डरवर मुद्दाम जास्त आवाजात घेतली आणि ती स्पीकरवर वाजवून पुन्हा रेकॉर्ड केली. हे वाचलं तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. आमच्या वाड्याच्या माजघरात गव्हाची पत्र्याची कोठी होती. ती रिकामी झाली त्या दिवशी आत छोटा स्पीकर ठेवला, झाकणाशी माइक धरला आणि एका मित्राची गिटार त्यातून वाजवली. टेलिफोनमधून आल्यासारखा नाकातला आवाज आला. अख्ख्या गाण्यासाठी निरुपयोगी, पण चार मात्रांच्या एका जागेसाठी इतका सुंदर की ती कॅसेट मी अजून जपली आहे.

तार_तुटली, तुमचं चुकीचं नाही. सॉफ्टवेअरमधला अँप वापरतानाही तुम्ही कुणीतरी ठेवलेल्या माइकची जागा निवडताच. त्या पडद्यावर माइक सरकवून बघा, हेच सगळं ऐकू येईल. फक्त या पोराच्या आवाजात ते गोडाऊन आहे आणि ते कुठल्याही यादीत मिळणार नाही.

खालची_तार

मी फतेगंजची, बास गिटार वाजवते. काकांनी सगळं गिटारवर लिहिलं, मला एक विचारायचंय. मकरपुरा_लीड, तुमच्या मिक्समध्ये (सगळी वाद्यं एकत्र केलेल्या आवाजात) बास कुठे आहे?

तुमच्या गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, बासची ४१ ला. तुम्हाला गोडाऊनमध्ये 'छातीत' जे जाणवतं त्यात तुमच्या बासवाल्याचा वाटा फार मोठा आहे, हे मी अगदी आपुलकीने सांगते. मेटॅलिकाचा १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल' ऐका. त्यात बास जवळजवळ ऐकूच येत नाही. गिटार धारदार आहेत, वाजवणं थक्क करणारं आहे, आणि तरी सगळा आवाज कोरडा आणि हाडकुळा. मग त्यांचाच १९९१ चा काळा अल्बम ऐका, निर्माता बॉब रॉक. बास खालून उचलून धरतो आणि त्याच माणसांच्या गिटार डोंगराएवढ्या होतात. लोक म्हणतात गिटार काय भारी वाजलीय. त्यातला बराच भार बासने उचललेला असतो.

मिक्समध्ये गिटारचा ८०-१०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून बघा. एकटी गिटार ऐकताना जीव कळवळेल. एकटी ऐकूच नका.

आणि निर्माता काय करतो याचं मला सगळ्यात स्पष्ट दिसलेलं उदाहरण म्हणजे कर्ट कोबेनचा बँड निर्वाणा. 'नेव्हरमाइंड' १९९१ चं, बुच विगने रेकॉर्ड केलं, मिक्स अँडी वॉलेसचं. गिटारवर गिटार चढवलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, रेडिओवर झळकावी अशी. दीड-दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९९३ मध्ये, तेच तिघे मिनेसोटातल्या एका स्टुडिओत स्टीव्ह अल्बिनीकडे गेले आणि 'इन युटेरो' सुमारे दोन आठवड्यांत उरकलं. अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवतच नसे, 'रेकॉर्डेड बाय' एवढंच. तिथे खोलीत माइक, बँड एकत्र वाजवतोय, कोबेनची गिटार खरखरीत, जवळ, कधी कधी नकोशी वाटावी इतकी. मला दुसरा अल्बम जास्त आवडतो. माझ्या भावाला पहिला. आमचं यावरून घरी अजून पटत नाही.

तुम्हाला यातलं कुठलं हवंय, ते रेकॉर्डिंगला जाण्याआधी स्वतःशी ठरवलं होतं का? स्टुडिओवाल्याला सांगितलं होतं का? मला वाटतं तुम्ही दोघंही गप्प राहिलात आणि त्याने रोज जे करतो ते केलं.

मकरपुरा_लीड

ताई, नाही सांगितलं. खरं सांगायचं तर असं काही सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. मला वाटायचं आपण वाजवायचं आणि मशीनने टिपायचं. बास मिक्समध्ये आहे, पण मीच म्हटलं होतं की गिटार झाकली जातेय, बास कमी करा.

काका, रविवारी गोडाऊन मिळतंय. लॅपटॉप आणि दोन चॅनलचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) आहे. एसएम५७ एका मित्राकडून आणतो, आणि आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाकडे एक कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) माइक आहे, तो दूरचा म्हणून चालेल? दोन माइक लावले की एकमेकांना खातात असं कुठेतरी वाचलंय.

वाड्यातला_रेकॉर्डिस्ट

चालेल, मंडळाची परवानगी घेऊन आण आणि स्टँडला वाळूची पिशवी बांध. तो माइक पडला तर एकादशीला तोंड दाखवता येणार नाही.

खातात ते खरं आहे. दोन माइकमध्ये १७ सेंटिमीटरचा फरक असेल, म्हणजे एका वितीपेक्षा जरा कमी, तर दुसऱ्याकडे आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही मिसळले की १००० हर्ट्झच्या आसपासचा भाग गळतो. गिटारचा कणा तिथेच असतो. म्हणून दुसरा माइक एक तर पहिल्याला अगदी खेटून ठेव, नाहीतर सरळ चार-पाच मीटर लांब. मधल्या जागा फसव्या. लांबचा मिक्समध्ये हळू ठेवायचा, बंद केल्यावरच तो होता हे कळावं इतका. आणि त्यावरचं फेज (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटवायचं बटण दाबून दोन्ही प्रकारे ऐक, ज्यात अंग जास्त वाटेल ते ठेव.

दोन्ही चॅनल माइकांनीच भरतील, नाहीतर मी म्हटलं असतं की गिटारची सरळ, अँपशिवायची एक लाइनही घे. नंतर तीच लाइन हव्या त्या अँपमधून पुन्हा वाजवता येते. पिंक फ्लॉइडच्या १९७९ च्या 'वॉल'मधला डेव्हिड गिल्मोरचा एक गाजलेला सोलो असाच आधी सरळ कन्सोलमध्ये घेतलाय आणि मागाहून अँपमधून काढलाय.

मकरपुरा_लीड

काका, ताई, रविवारचं सांगतो.

संध्याकाळी सहाला पोचलो. नऊपर्यंत काहीच करता आलं नाही, बाहेर ट्रक लावले जात होते आणि लांबच्या माइकमध्ये प्रत्येकाचा रिव्हर्सचा भोंगा येत होता. शेवटी शेव-उसळ आणून खाल्ली आणि थांबलो. दहानंतर शांत झालं.

आधी उकिडवं बसून ऐकलं. तो पत्र्याचा आवाज तिथेच होता! तीन वर्षं माझ्या गुडघ्यांना तो ऐकू येत होता आणि मला नाही. ट्रेबल ७ वरून ४ वर आणला. ड्रमर माइक सरकवत होता, मी शटरबाहेर हेडफोन लावून फूटपाथवर. कड आणि मधोमध यांच्यात, मधापासून तीन बोटं बाहेर, तिथे मी "थांब" म्हटलं. गेन ४ वर वाजवताना पहिले पाच टेक फुकट गेले, कारण माझा डावा हात किती आळशी आहे ते सगळं उघडं पडलं. गेनच्या धुरात ते लपत होतं. सहावा टेक ठेवला. मग दुसऱ्या बाजूसाठी गेन ३ वर, मधल्या पिकअपवर. मंडळाचा माइक शटरजवळ, वाळूची पिशवी बांधून.

बासवाल्याला मी फोन करून माफी मागितली आणि त्याचा ट्रॅक पूर्ण वर आणला. ताई, तुम्ही म्हणालात ते अक्षरशः खरं निघालं. ९० हर्ट्झखाली गिटार कापली आणि ती मोठी झाली.

काल आईला ऐकवलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि दुसऱ्या कडव्याच्या आधी म्हणाली, "इथे तुझं बोट तारेवरून घसरलं." घसरलंच होतं. तो टेक मी बदलणार नाहीये.

दोन गाणी झाली, तिसरं राहिलंय. आभाळ भरून यायला लागलंय आणि पाऊस पत्र्यावर पडायला लागला की लांबच्या माइकचं काही खरं नाही. येत्या रविवारी उरकायचं की तिसऱ्या गाण्यात पाऊस येऊ द्यायचा, यावर बँडमध्ये दोन-दोन मतं पडलीत. तुम्ही काय कराल?

वाड्यातला_रेकॉर्डिस्ट

गाणं कसलं आहे ते आधी सांग. आणि रविवारी मी मोकळा आहे, पत्ता मेसेज कर. माझ्याकडचा एक माइक घेऊन येतो.